शिऱ्याची फॅमिली

सॅमसंगच्या कारखान्यातल्या युनियनचा विषय निघाला आणि शिऱ्या सावरून बसला. एचआरमध्ये लागल्यापासून कट्ट्यावरसुद्धा तो कंपनीच्या वतीनेच बोलतो.

"कामगार म्हणजे आमची फॅमिली. बाहेरचे पुढारी घुसले की बिघडतं सगळं."

"तोटा झाला की फॅमिली, बोनस मागितला की भाऊबंदकी," नाना म्हणाले. नानांचा जन्म मशीन शॉपमध्ये गेला. "चेन्नईजवळ श्रीपेरंबुदूरच्या त्या कारखान्यात सप्टेंबर २०२४ मध्ये संप, युनियनची नोंदणी जानेवारी २०२५ मध्ये आणि फेब्रुवारीत तीन पदाधिकारी निलंबित. मुहूर्त तरी बघ!"

"बेशिस्त केली असेल, नाना."

"नोंदणीचा कागद हातात पडल्या पडल्या पदाधिकारीच बरे बेशिस्त होतात!"

"पण कायदा आहे ना?" पक्या.

"आहे की. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात अनुचित प्रथांची यादीच होती, युनियन केली म्हणून काढणं त्यातच; नव्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. आपल्या राज्याचा तर १९७१ चा वेगळा कायदा. म्हणून तर 'युनियन केली म्हणून काढला' असं कोणी लिहीत नाही. बदलीचा हुकूम निघतो, 'प्रशासकीय गरजेनुसार'. नाहीतर चार्जशीट, सुपरवायझरशी उद्धट बोलला. मग चौकशी, तिचा अधिकारी कंपनीनेच नेमलेला. तोवर निलंबन. पहिले नव्वद दिवस निर्वाह भत्ता अर्ध्या पगाराइतका. अर्ध्या पगारात घर चालवून दाखव शिऱ्या, मग शिस्तीवर बोल. बाकीचे कामगार तेवढं बघूनच गप्प बसतात. केस हरली तरी कंपनीचं काम झालेलं असतं."

"आणि मुंबईच्या गिरण्या कोणी बुडवल्या? १९८२ चा संप!" शिऱ्या.

"आलं! आज उशिरा आलं," पक्या.

"अरे, तेव्हा गिरण्यांत मान्यता कोणाला होती? राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार संपाचे पुढारी दत्ता सामंतांच्या मागे, आणि कायद्याने बोलणी करायची संघाशी. मनातली युनियन मिळू दिली नाही, त्याचंही बिल कामगारावरच फाडतोस?"

शिऱ्याने 'ग्लोबल कॉम्पिटिशन' असं काहीतरी सुरू केलं, पण पक्याची जुनी जखम उघडली होती.

"नाना, याचा खाक्या पहिल्यापासूनचाच. मंडळाचा हिशेब मागितला, तर मला ढोलावरून उचलून पार्किंगला लावलं होतं यानं."

"प्रशासकीय गरज!" नाना.

"तुला ताल नव्हता, पक्या!" शिऱ्या ओरडला.

"हिशेब मागेपर्यंत होता की!"

मग पक्याला ताल होता की नव्हता यावर मतदान झालं. शिऱ्या सोडून सगळ्यांचे हात वर, आणि शिऱ्या म्हणतो, मतदान गुप्त पाहिजे होतं.