‘पिंग मारा आणि ४८ तास थांबा’: डोमेनचा पत्ता शोधण्याच्या या सल्ल्यात काय चुकतं

डोमेनचं काही बिनसलं की एक सल्ला हमखास पुढे येतो. शब्द इकडेतिकडे होतात, गाभा तोच राहतो: ‘टर्मिनलमध्ये पिंग मारा, दिसेल तो पत्ता खरा. पत्ता जुना दिसला तर ४८ तास थांबा, डीएनएस जगभर पसरायला तेवढा वेळ लागतोच. घाई असेल तर कॅश फ्लश करा. सगळ्या नोंदी एकदम हव्या असतील तर डिगला एनी सांगा. मालक शोधायचा तर आयपीवरून उलटा शोध घ्या. आणि एनएसलुकअप वापरू नका, ते बाद झालंय.’ (डीएनएस म्हणजे नावावरून आयपी, म्हणजे यंत्राचा अंकी पत्ता, शोधायची व्यवस्था. डिग आणि एनएसलुकअप ही तिला प्रश्न विचारायची साधनं. कॅश म्हणजे तात्पुरती जपून ठेवलेली उत्तरं.)

सहा वाक्यं आहेत आणि सहाही वाक्यांत एकच प्रश्न विचारायचा राहून गेलाय: उत्तर दिलं कोणी? एकाच नावाचं उत्तर तुमची होस्ट्स फाइल (यंत्रावरचीच नाव-पत्त्यांची यादी), ब्राउझर, सेवादात्याचा रिझॉल्व्हर (तुमच्या वतीने पत्ता शोधून आणणारा सर्व्हर) आणि डोमेनचा अधिकृत नेमसर्व्हर (जिथे त्याच्या मूळ नोंदी असतात) वेगवेगळं देऊ शकतात. कोणाला विचारलं हे माहीत नसेल, तर आलेल्या पत्त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

(खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. चिन्हं आणि मोकळ्या जागा दिसतात तशाच ठेवायच्या.)

‘पिंग मारा, दिसेल तो पत्ता खरा’

पिंगचं काम पलीकडचं यंत्र प्रतिसाद देतं का ते बघणं. नावाचा पत्ता काढायला ते ऑपरेटिंग सिस्टिमची मदत घेतं. लिनक्सवर हा शोध कोणत्या क्रमाने होतो ते /ईटीसी/एनएसस्विच.कॉन्फ या फाइलमधली ‘होस्ट्स’ची ओळ ठरवते. बहुतेक यंत्रांवर होस्ट्स फाइल आधी आणि डीएनएस नंतर येतं. चाचणीसाठी कोणी कधीतरी होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाकली आणि काढायची विसरली, तर पिंग आयुष्यभर तोच पत्ता दाखवत राहील. डीएनएसमध्ये काहीही बदललं तरी फरक पडणार नाही.

डिग स्वतः होस्ट्स फाइल उघडत नाही. ते थेट सर्व्हरला प्रश्न पाठवतं. म्हणून लिनक्सवर दोन कमांड जोडीने चालवाव्यात:

गेटएंट एहोस्ट्स एक्झाम्पल.कॉम
डिग एक्झाम्पल.कॉम

पहिली कमांड बहुतेक प्रोग्रामना मिळतो तो पत्ता सांगते, दुसरी सर्व्हरचं म्हणणं सांगते. दोन्हींत फरक दिसला तर आधी होस्ट्स फाइल बघा. मात्र सिस्टिमडी-रिझॉल्व्हड (लिनक्स यंत्रावरच चालणारी रिझॉल्व्हर सेवा) चालू असेल तर डिगचा प्रश्न १२७.०.०.५३ वर जातो, आणि तो स्थानिक सर्व्हर स्वतःच होस्ट्स फाइल वाचतो. मग डिगमध्येही जुनाच पत्ता दिसतो आणि माणूस चक्रावून जातो. अशा वेळी डिगला @ लावून बाहेरचा सर्व्हर सांगायचा. विंडोजवर पॉवरशेलमधली रिझॉल्व्ह-डीएनएसनेम ही कमांडसुद्धा होस्ट्स फाइल विचारात घेते. ते टाळायला -नोहोस्ट्सफाइल हा पर्याय जोडावा. मॅकवर सिस्टिमचं उत्तर हवं असेल तर ‘डीएसकॅशेयुटिल -क्यू होस्ट -ए नेम एक्झाम्पल.कॉम’.

पिंगचं उत्तर आलं नाही म्हणजे डीएनएस बिघडलं, हाही असाच एक गैरसमज. पिंगच्या पहिल्या ओळीत पत्ता छापला गेला असेल तर नाव सापडलेलं आहे. पुढचं मौन बहुधा फायरवॉलने आयसीएमपी (पिंग ज्यातून जातं ते संदेश) अडवल्यामुळे असतं. शिवाय एका नावाचे चार पत्ते असले तरी पिंग एकच उचलतं. ब्राउझरमध्ये एचटीटीपीएसवरून डीएनएस विचारायची सोय चालू असेल (तिचं प्रमाण, आरएफसी ८४८४, २०१८ मध्ये आलं; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या पद्धतींचे क्रमांक दिलेले दस्तऐवज), तर ब्राउझर या सगळ्याला वळसा घालून दुसऱ्याच सर्व्हरला विचारत असतो.

मिळालेला आयपी ब्राउझरच्या पट्टीत टाकून बघणं हीसुद्धा चाचणी नव्हे. एका पत्त्यावर शेकडो साइट असू शकतात आणि कोणती द्यायची ते सर्व्हर नावावरूनच ठरवतो. नुसता पत्ता दिला तर भलतीच साइट किंवा प्रमाणपत्राची चूक दिसते. नव्या सर्व्हरवर साइट नीट चालते का हे डीएनएस बदलण्याआधी पाहायचं असेल तर:

कर्ल --रिझॉल्व्ह एक्झाम्पल.कॉम:४४३:१९२.०.२.१० एचटीटीपीएस://एक्झाम्पल.कॉम/

यात नाव बरोबर जातं, पत्ता मात्र तुम्ही सांगितलेला वापरला जातो.

‘४८ तास थांबा, डीएनएस पसरायला वेळ लागतो’

सगळ्यात जास्त वेळ वाया घालवणारं वाक्य हेच. डीएनएस पसरत नाही. तुमचा बदल कोणी जगभर ढकलत नाही. एखाद्या रिझॉल्व्हरने विचारलं की अधिकृत सर्व्हर उत्तर देतो, आणि त्या उत्तरासोबत टीटीएल नावाचा सेकंदांचा आकडा देतो. तेवढे सेकंद रिझॉल्व्हर ते उत्तर जपून ठेवतो आणि मग पुन्हा विचारतो. १९८७ च्या आरएफसी १०३४ आणि १०३५ पासून मूळ रचना हीच आहे. त्यामुळे किती थांबायचं याचं उत्तर अंदाजाने द्यायची गरज नाही, ते मोजता येतं.

आधी अधिकृत सर्व्हर कोणते ते काढा:

डिग एनएस एक्झाम्पल.कॉम +शॉर्ट

मग त्यातल्या एकाला थेट विचारा. समजा त्याचं नाव एनएस१.एक्झाम्पल.नेट आहे:

डिग @एनएस१.एक्झाम्पल.नेट एक्झाम्पल.कॉम ए +नोरिकर्स

फ्लॅग्जच्या ओळीत ‘एए’ दिसलं पाहिजे. उत्तर अधिकृत असल्याची ती खूण. इथे नवा पत्ता दिसला तर तुमचं काम झालेलं आहे आणि उरलाय तो फक्त कॅशचा प्रश्न. इथेही जुनाच पत्ता दिसला तर ४८ तास काय, ४८ दिवस थांबूनही उपयोग नाही. बदल जतन झाला नसेल, चुकीच्या खात्यातल्या झोनमध्ये (डोमेनच्या नोंदींच्या संचात) केला असेल, किंवा दुय्यम सर्व्हरपर्यंत पोचला नसेल. शेवटची शक्यता ‘डिग +एनएससर्च एक्झाम्पल.कॉम’ने लगेच कळते: प्रत्येक अधिकृत सर्व्हरची एसओए नोंद (झोनची मुख्य नोंद, तिच्यात बदलाचा अनुक्रमांक असतो) एकेका ओळीत येते. एखाद्याचा अनुक्रमांक मागे असेल तर दोष तिथे आहे.

आता रिझॉल्व्हरला, समजा गूगलच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरला, विचारा: ‘डिग @८.८.८.८ एक्झाम्पल.कॉम’. उत्तरातला दुसरा रकाना म्हणजे उरलेले सेकंद. दोन-चार वेळा चालवून आकडा उतरताना दिसला तर उत्तर कॅशमधून येतंय. मोठ्या सार्वजनिक रिझॉल्व्हरमागे अनेक यंत्रं असतात आणि त्यांची कॅश वेगवेगळी असते, म्हणून आकडा मध्येच वरखाली उडी मारतो. त्याने बिचकू नये.

हिशोब सरळ आहे. टीटीएल ३६०० असेल आणि तुम्ही १० वाजता बदल केला, तर ९ वाजून ५९ मिनिटांनी विचारणारा रिझॉल्व्हर १० वाजून ५९ मिनिटांपर्यंत जुनं उत्तर देईल. त्यानंतर नाही. म्हणून सर्व्हर हलवायचा असेल तर टीटीएल आधी ३०० वर आणावा, आणि ‘आधी’ म्हणजे जुन्या टीटीएलइतका आधी. तो ८६४०० असेल तर पूर्ण एक दिवस. पत्ता बदलताना त्याच वेळी टीटीएल कमी करून काही साधत नाही, कारण जुना आकडा आधीच लोकांच्या कॅशमध्ये बसलेला असतो.

मग ४८ तास हा आकडा कुठे खरा ठरतो? डॉट कॉमच्या सर्व्हरवर तुमच्या डोमेनची जी एनएस नोंद (नेमसर्व्हर कोणते ते सांगणारी) असते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे नेमके ४८ तास असतो. नेमसर्व्हरच बदलले असतील तर दोन दिवसांची मुदत खरी आहे, आणि तोवर जुने नेमसर्व्हर त्याच नव्या नोंदींसह चालू ठेवायलाच हवेत. ते लगेच बंद केले की काही लोकांना साइट दिसते आणि काहींना नाही. पालक सर्व्हरवर, म्हणजे इथे डॉट कॉमच्या सर्व्हरवर, काय आहे ते असं बघता येतं:

डिग @ए.जीटीएलडी-सर्व्हर्स.नेट एक्झाम्पल.कॉम एनएस +नोरिकर्स

उत्तर ‘ऑथॉरिटी’ विभागात येईल. साधी ए नोंद (नावाचा पत्ता सांगणारी) बदलली असेल तर या ४८ तासांशी तुमचा काही संबंध नाही.

एक खड्डा मात्र भल्याभल्यांना सापडत नाही. नवीन उपडोमेन बनवण्याआधीच ‘आहे का बघू’ म्हणून डिग चालवलं, तर ‘असं नाव नाही’ हे उत्तरसुद्धा कॅशमध्ये जातं. आरएफसी २३०८ (१९९८) नुसार ते किती वेळ राहायचं हे एसओए नोंदीतला शेवटचा आकडा आणि त्या नोंदीचा स्वतःचा टीटीएल यांपैकी जो लहान असेल त्यावर ठरतं. नोंद बनवली, अधिकृत सर्व्हरवर दिसते, पण आपल्याच यंत्रावर तासभर दिसत नाही, याचं कारण बहुधा हेच. नवं नाव तपासताना पहिला प्रश्न नेहमी अधिकृत सर्व्हरला विचारावा.

याच संदर्भात ‘डिग +ट्रेस’ सुचवलं जातं. ते रूट सर्व्हरपासून, म्हणजे डीएनएसच्या सगळ्यात वरच्या पायरीपासून, एकेक पायरी स्वतः उतरतं. साखळी कुठे तुटली ते शोधायला उत्तम. पण ते तुमच्या रिझॉल्व्हरची कॅश टाळून जातं, त्यामुळे लोकांना आत्ता काय दिसतंय याचं उत्तर त्यात नसतं.

‘घाई असेल तर फ्लश करा’

तुमच्या यंत्रावरची कॅश तेवढी पुसली जाईल. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस’, सिस्टिमडी असलेल्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्हसीटीएल फ्लश-कॅशेस’. सेवादात्याच्या रिझॉल्व्हरमधली नोंद आपल्या वेळेनेच जाईल, आणि ब्राउझरच्या आधीच उघड्या असलेल्या जोडण्या जुन्या सर्व्हरशीच बोलत राहतील. विंडोजवर पुसण्याआधी ‘आयपीकॉन्फिग /डिस्प्लेडीएनएस’ चालवून कॅशमध्ये नक्की काय आहे ते पाहून घ्यावं. एकदा पुसलं की पुरावा गेला.

‘एनी म्हटलं की सगळ्या नोंदी मिळतात’

कधीच मिळत नव्हत्या. रिझॉल्व्हरला एनी (म्हणजे ‘कोणत्याही प्रकारची नोंद’) विचारलं तर तो त्याच्याकडे त्या क्षणी असेल तेवढं देऊ शकतो, आणि ‘सगळं’ असा त्याचा अर्थ नाही. आरएफसी ८४८२ (२०१९) ने तर अधिकृत सर्व्हरना एनीला त्रोटक उत्तर द्यायची उघड मुभा दिली. क्लाउडफ्लेअरचे सर्व्हर अशा वेळी एचइन्फो प्रकारची एकच नोंद परत करतात. हवा तो प्रकार नाव घेऊन विचारायचा: ए, एएएए, एमएक्स, टीएक्सटी, सीएए. नुसतं ‘डिग नाव’ फक्त ए आणतं हेही लक्षात असू द्या. उपडोमेनची पूर्ण यादी मात्र प्रश्न विचारून मिळत नाही. त्यासाठीचं झोन ट्रान्सफर (झोनमधल्या सगळ्या नोंदी एकदम मागणं) नीट बांधलेले सर्व्हर अनोळखी माणसाला नाकारतात, आणि ते योग्यच आहे.

‘मालक शोधायला उलटा शोध’

‘डिग -एक्स १९२.०.२.१०’ ही कमांड पीटीआर नोंद (पत्त्यावरून नाव सांगणारी) आणते. ती नोंद आयपीचा गट ज्याच्या ताब्यात आहे तो लिहितो. त्या पत्त्यावर साइट ठेवणाऱ्याचा तिच्याशी संबंध असेलच असं नाही. बहुतेक वेळा होस्टिंगवाल्याने यंत्राला दिलेलं ठरावीक नाव दिसतं. ‘हूइज’ला (नोंदणीची माहिती देणाऱ्या सेवेला) आयपी दिला तर तो गट कोणत्या संस्थेकडे आहे ते कळतं, तेही एपनिक, राइप, एरिन, लॅकनिक, एफ्रिनिक या पाच नोंदणी संस्थांपैकी एकीकडून. डोमेनच्या मालकाचं नाव २०१८ नंतर बहुतेक ठिकाणी झाकलेलं असतं. आणि २८ जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या सामान्य डोमेनांसाठी हूइज सेवा देण्याचं बंधनच उरलेलं नाही, तिची जागा आरडॅपने (तीच माहिती मिळवायच्या नव्या पद्धतीने) घेतली आहे. हूइज रिकामं आलं म्हणजे डोमेन मोकळं आहे असं समजू नका.

‘एनएसलुकअप बाद झालंय’

बाइंड ९ (ज्याच्यासोबत डिग आणि एनएसलुकअप येतात ते डीएनएसचं सॉफ्टवेअर) च्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये एनएसलुकअप तसा इशारा छापायचं. तो इशारा पुढे काढून टाकला, सल्ला मात्र मागे राहिला. एनएसलुकअप चालतं, त्याची खरी अडचण अशी की डीबग चालू केल्याशिवाय ते टीटीएल आणि फ्लॅग्ज दाखवत नाही. ‘नॉन-ऑथॉरिटेटिव्ह’ म्हणजे उत्तर अधिकृत सर्व्हरकडून थेट आलेलं नाही एवढंच, ती चूक नव्हे. विंडोजवर ते नावाला तुमच्या नेटवर्कचा प्रत्यय जोडून बघतं आणि कधीकधी भलताच पत्ता आणतं. नावाच्या शेवटी एक टिंब दिलं की ते थांबतं.

डिगही निर्धोक नाही. ‘+शॉर्ट’ सीनेमची (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे पाठवणाऱ्या नोंदीची) नावंसुद्धा छापतं, त्यामुळे पहिली ओळ म्हणजे पत्ता असं गृहीत धरणारी स्क्रिप्ट फसते. नाव अस्तित्वात नसलं तरी डिगचा एक्झिट कोड शून्यच असतो. म्हणून ‘स्टेटस’ वाचायला हवं. एनएक्सडोमेन म्हणजे नावच नाही. नोएरर आणि उत्तरं शून्य म्हणजे नाव आहे, पण त्या प्रकारची नोंद नाही. रिफ्यूज्ड म्हणजे त्या सर्व्हरने तुमचा प्रश्न घ्यायलाच नकार दिला. सर्व्हफेल आलं तर तीच कमांड ‘+सीडी’ (सह्यांची तपासणी बंद) लावून पुन्हा चालवा. आता उत्तर आलं तर डीएनएसेकच्या (डीएनएसची उत्तरं सहीने पडताळायच्या व्यवस्थेच्या) सह्या जुळत नाहीत असं समजून तिकडे बघा.

मदत मागताना नुसता पत्ता पाठवू नका, डिगचं पूर्ण आउटपुट पाठवा, खालच्या चार ओळींसकट. त्यातली ‘सर्व्हर’ची ओळ उत्तर कोणी दिलं ते सांगते आणि ‘व्हेन’ची ओळ कधी दिलं ते. तिथे १२७.०.०.५३ दिसलं तर सोबत ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’चं आउटपुटही जोडा, म्हणजे त्यामागचा खरा सर्व्हर कोणता ते कळेल.