पिशवी काढली की सुटलो?

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते, धरणगावला. अंगणात झोका बांधलेला, सांजोऱ्या तळून झालेल्या. माझी भाची चुलतभावाचं तीन महिन्यांचं बाळ मांडीवर घेऊन ओट्यावर बसली होती. वय 22, दिव्यांग कार्डावर बौद्धिक अक्षमता 50 टक्के. बाळाची मान मात्र तिने अगदी बरोबर सावरलेली. मध्येच म्हणाली, "मावशी, माले बी बाळ जोयजे."

सगळे गप्प. मग नात्यातल्या एक आजी ताईच्या कानाशी लागल्या, पण ऐकू सगळ्यांनाच गेलं: "तिनी पिशवी काढी टाक, सुटशी."

आपल्याकडे याला दोनच उपाय. पोरगी असेल तर गर्भाची पिशवी काढा. पोरगा असेल तर लग्न लावा, सुधरेल आपोआप! (नवरीला कळतं हळद उतरल्यावर. तिचं काय, हे कोणी विचारत नाही.)

पिशवीचं म्हणाल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्पष्ट आहे: व्यक्तीने स्वतः समजून, मोकळेपणाने संमती दिल्याशिवाय मूल होणं बंद करणारी कुठलीही शस्त्रक्रिया करता येत नाही. कुटुंबनियोजनाची माहिती तिला समजेल अशी मिळायला हवी, हेही त्याच कलमात आहे. 2009 साली चंदीगडच्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलीचा गर्भपात तिच्या इच्छेविरुद्ध करू दिला नाही.

पण कायदा सांगून ताईची रात्रीची झोप परत येत नाही. आई-बाप गेल्यावर हिचं काय, हा घोर तिला आधीच आहे, त्यात नातवंडाचा कुठे घेता?

स्वीडनमध्ये अशा तरुण मुलामुलींना काही शाळांत बाळासारखी रडणारी बाहुली सांभाळायला देतात. आम्ही जुन्या पातळाची शिवली, आत तीन किलो ज्वारी भरली. मोबाइलला दर तीन तासांनी गजर लावला. गजर झाला की उठायचं, बाटली उकळायची, लंगोट बदलायचा. पहिल्या रात्री भाची चारही वेळा उठली. दुसऱ्या रात्री बाहुली उशाखाली कोंबून झोपली. सकाळी स्वतःहून सांगितलं, "मी बाळले दाबी टाकं." आणि रडली.

घरातले म्हणाले, बघा, नाही जमणार. मला तसं वाटत नाही. बाळंतिणीच्या मदतीला आई, सासू, जाऊ सगळ्या असतात, सव्वा महिना तिला उठू देत नाहीत. हिनेच एकटीने पास का व्हायचं? तिला घाबरवून "नको" म्हणायला लावणं हीसुद्धा पिशवी काढण्याचीच एक तऱ्हा झाली. आणि विचार करून ती खरंच "नको" म्हणाली, तर तेही तिचंच.

अजून तिचं काही ठरलेलं नाही. परवा विचारत होती, बाळ तापलं तर डॉक्टरला काय सांगायचं? म्हणून सध्या थर्मामीटर वाचायला शिकतोय. 99 आणि 102 तिला कळतं. पॉइंटपाशी अडते. पॉइंटपाशी मीही चष्मा शोधते.