‘मला कुणी फुकट काही दिलं नाही’ : बरोबर, पण प्रश्न तो नव्हताच

गेले काही दिवस एक संदेश या गटातून त्या गटात फिरतोय. मजकूर साधारण असा : “मी जे मिळवलं ते स्वतःच्या कष्टानं. मला कुणी फुकट काही दिलं नाही. गरिबी आमच्याही घरात होती. मी माणसाला माणूस म्हणून बघतो, भेद बघतच नाही. ‘विशेषाधिकार, विशेषाधिकार’ करत बसणारेच भेद जिवंत ठेवतात. बोलणं बंद करा, भेदभाव आपोआप संपेल.” मला तो आतापर्यंत पाच जणांनी पाठवला. पाचही जण माझ्या ओळखीचे, भले लोक आहेत, म्हणून उत्तर लिहायला बसलो.

आधी कष्टांचं बघू. तुम्ही कष्ट केले नाहीत असं कुणी म्हणतच नाहीये. या गैरसमजाचं निम्मं खापर ‘विशेषाधिकार’ या शब्दावरच फोडायला हवं. मराठीत तो ऐकला की विधिमंडळातला हक्कभंग आठवतो. कुणाला तरी कागदावर लिहून दिलेला हक्क. इथे तसलं काही नाही. इथे विषय आहे वाटेत न आलेल्या अडथळ्यांचा. आणि जे घडलंच नाही, ते आठवणार कसं?

आठवत नाही, पण मोजता येतं. मेरिअन बर्ट्रंड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी बोस्टन आणि शिकागोमधल्या नोकरीच्या जाहिरातींना सुमारे ५,००० बायोडेटा पाठवले. मजकूर तोलामोलाचा, नावं तेवढी आलटून पालटून टाकलेली. २००४ साली छापून आलेला निष्कर्ष असा : गोऱ्या वाटणाऱ्या नावाला सरासरी १० अर्जांमागे एक फोन आला, कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावाला १५ अर्जांमागे एक. भारतात सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना असेच अर्ज पाठवले. ते निष्कर्ष २००७ साली आले. पात्रता तीच असताना, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढचं बोलावणं येण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश होती आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश.

आता दहाव्या अर्जाला फोन आलेल्या त्या मुलाचा विचार करा. नऊ नकार त्यानंही पचवलेत. ‘मला कुणी फुकट दिलं नाही’ असं तो म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. फक्त पुढचे पाच अर्ज त्याला लिहावेच लागले नाहीत, आणि न लिहिलेले अर्ज कुणाच्याच आठवणीत नसतात.

‘गरिबी आमच्याही घरात होती’ हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. एकच माणूस एका बाबतीत वरच्या पायरीवर आणि दुसऱ्या बाबतीत खालच्या पायरीवर असू शकतो : गरीब पुरुष, श्रीमंत बाई, उत्तम शिकलेली अंध व्यक्ती. गरिबीचा तोटा खरा, आणि नावामुळे किंवा पुरुष असल्यामुळे मिळालेला फायदाही खरा. एकानं दुसरा पुसला जात नाही. बाबासाहेब आंबेडकरांनी जातिव्यवस्थेला ‘श्रेणीबद्ध विषमता’ म्हटलं ते याच अंगानं. वरचा प्रत्येकाला डाचतो, पण आपल्याही खाली कुणीतरी आहे एवढ्यावर समाधान मानून उतरंड मोडायला कुणी पुढे होत नाही. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, म्हणतात. तुम्ही गरिबीच्या वंशी जाऊन आलेले आहात. दुसऱ्याचं गाऱ्हाणं तुम्हाला इतरांपेक्षा लवकर कळायला हवं. तिथेच ‘आम्हीही भोगलंय’ म्हणून दार का लावून घ्यायचं?

‘मी भेद बघतच नाही.’ हे वाक्य मनापासून म्हटलं जातं, हीच पंचाईत आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळा-व्यवस्थापक पदासाठी एकच अर्ज दिला होता, निम्म्यांना जॉनच्या नावानं, निम्म्यांना जेनिफरच्या. जॉन जास्त लायक ठरला आणि त्याला पगारही जास्त देऊ केला गेला. प्राध्यापिकांनीही तेच केलं. यातल्या कुणालाही विचारलं असतं तर उत्तर ‘मी भेद बघत नाही’ हेच आलं असतं, असं मला वाटतं.

माणसं सोडा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घ्या. त्याला ना पूर्वग्रह, ना द्वेष. तो त्वचेतून प्रकाश पाठवून रक्तातला ऑक्सिजन मोजतो. २०२० साली अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की ऑक्सिजन धोकादायक पातळीला उतरलेला असूनही यंत्रानं ‘ठीक’ दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्या रुग्णांच्या जवळपास तिप्पट होतं. भेद न बघणाऱ्याचं याहून शुद्ध उदाहरण मिळणार नाही.

‘बोलणं बंद करा’ला वेगळं उत्तर लागत नाही. रुग्णांच्या नोंदी वंशानुसार वेगळ्या करून पाहिल्या म्हणून यंत्राची चूक उघडी पडली. वेगळ्या करायच्याच नाहीत असं ठरवलं असतं, तर आकडा चांगला दिसला असता आणि माणसं दगावली असती.

संदेशवाल्यांचं एक म्हणणं मला पटतं. चारचौघांत ‘माझ्याकडे किती विशेषाधिकार आहेत’ असं कबूल करून टाळ्या घ्यायच्या, हा नुसता तमाशा आहे. त्यानं कुणालाही फोन येत नाही. अपराधी वाटून घेण्यापेक्षा निवड-समितीत बसाल तेव्हा अर्ज उघडण्याआधी निकष लिहून काढा. २००५च्या एका प्रयोगात पोलीसप्रमुख निवडायचा होता. शिकलेला उमेदवार पुरुष असला की लोकांना शिक्षण फार महत्त्वाचं वाटे. तेच शिक्षण बाईकडे असलं की त्याचं वजन घटे. निकष आधीच ठरवून घेतले तेव्हा हा झुकाव नाहीसा झाला.

आणि बैठकीत कुणाच्या उच्चारावर, अंगकाठीवर किंवा आडनावावर विनोद झाला तर तुम्ही बोला. ज्याच्यावर विनोद झाला तो बोलला तर हळवा ठरतो, कधी कधी त्याची बढतीही अडते. तुम्ही बोललात तर फार तर दोन मिनिटं सगळे अवघडून गप्प बसतील.