टॅक्रो अर्धी करा, गुळवेल प्या म्हणे!

परवा आत्याचा फोन आला, बोलता बोलता सहज म्हणाली, "अरे, चार दिवस झाले संध्याकाळची टॅक्रो घेत नाहीये मी, लिव्हर जळतं म्हणे त्यानं." माझे हातपाय गार पडले. आत्या 64 वर्षांची आहे, आठ वर्षांपूर्वी तिचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय, किडनी धाकट्या बहिणीने दिली. टॅक्रो म्हणजे टॅक्रोलिमस, शरीराने ती किडनी नाकारू नये म्हणून रोज घ्यायची इम्युनिटी दाबणारी गोळी. आणि हा शहाणपणा आला कुठून तर आमच्याच फॅमिली ग्रुपवरच्या फॉरवर्डमधून!

फॉरवर्ड असा: साठीनंतर लिव्हरमधलं ग्लुटाथायोन नावाचं अँटीऑक्सिडंट संपतं, त्यात सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस, अॅझाथायोप्रिनसारख्या इम्युनिटी दाबणाऱ्या गोळ्या उरलंसुरलं जाळून टाकतात, म्हणून गोळी अर्धी करा आणि 21 दिवस रिकाम्या पोटी गुळवेल-हळद-मिरीचा काढा घ्या, लिव्हर साफ होतं आणि इम्युनिटी वाढते, आणि डॉक्टर हे लपवतात.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण जीव तिथे जाऊ शकतो. अहो, इम्युनिटी वाढवायची कुणाची? ट्रान्सप्लांटवाल्याची? दुसऱ्याची किडनी शरीराला परकी वाटते, ते तिच्यावर तुटून पडतं, ते होऊ नये म्हणून तर सकाळ-संध्याकाळ बारा तासांच्या अंतराने गोळी घ्यायची असते. इकडे गोळी अर्धी करायची आणि तिकडे इम्युनिटी चेतवणारा काढा प्यायचा, म्हणजे रिजेक्शनला, शरीराने किडनी नाकारण्याला, दोन्ही बाजूंनी दार उघडून द्यायचं. आणि लिव्हरसाठी म्हणून जी गुळवेल प्यायला सांगताय, तिनेच लिव्हर बिघडल्याच्या केसेस आपल्या मुंबईतच नोंदल्यात. कोविडच्या वेळी, 2020 च्या शेवटी, मुंबईतल्या डॉक्टरांनी असे 6 पेशंट पाहिले आणि पुढच्या वर्षी ते छापून आलं. मग 2022 मध्ये देशातल्या 13 सेंटर्सनी मिळून 43 पेशंटचा अभ्यास छापला. त्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची इम्युनिटीच स्वतःच्या लिव्हरवर उलटलेली दिसत होती, आणि काहींना त्यासाठी स्टेरॉइड द्यावं लागलं. स्टेरॉइड म्हणजे इम्युनिटी दाबणारंच औषध!

आयुष मंत्रालयाने तेव्हा आक्षेप घेतला होता की ती खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. बरं, समजा तसं असेल, पण बाजारातून काडी आणणाऱ्या माझ्या आत्याला तो फरक कसा कळणार?

हळद-मिरीचं थोडक्यात सांगतो. भाजीतल्या चिमूटभर हळदीबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण हळदीच्या सप्लिमेंटमुळे लिव्हर बिघडलेले 10 पेशंट अमेरिकेतल्या डॉक्टरांनी 2022 मध्ये नोंदवलेत. शिवाय टॅक्रोलिमस लिव्हरमधल्याच एका एन्झाइमने मोडतं, त्यात बाहेरून कशाने ढवळाढवळ झाली की रक्तातली लेव्हल वरखाली होते. म्हणून तर ट्रान्सप्लांटवाल्यांना ग्रेपफ्रूट बंद असतं, आपलं पपनससुद्धा त्याच जातीतलं.

आता वयाचं आणि गोळ्यांचं. त्यात थोडं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. वय वाढलं की ग्लुटाथायोन कमी होतं असं अभ्यासात दिसलंय, लिव्हरचा आकार आणि रक्तपुरवठाही कमी होतो. पण कमी होणं आणि संपणं एक नाही, लिव्हर ते रोज नव्याने बनवत असतं, त्याला लागणारा कच्चा माल डाळ-अंड्यातल्या प्रोटीनमधून मिळतो. सायक्लोस्पोरिनने उंदरांच्या लिव्हरमधलं ग्लुटाथायोन घटतं हेही खरं, पण त्या प्रयोगांत वजनाच्या मानाने डोस बऱ्याचदा माणसापेक्षा खूप जास्त असतात. अॅझाथायोप्रिन तर मोडतानाच ग्लुटाथायोन वापरतं आणि काहींना त्याचा त्रासही होतो, म्हणून तर डॉक्टर एसजीपीटी ही लिव्हरची रक्ततपासणी करायला लावतात, रिपोर्ट बघून डोस बदलतात. डॉक्टर लपवतात म्हणे! काय लपवतात, दर वेळी रक्त काढून तेच तर बघतात ना?

आणि एवढंच सांगा, या गोळ्या लिव्हर जाळत असत्या तर लिव्हर ट्रान्सप्लांटवाल्यांना त्या दिल्याच कशाला असत्या? टॅक्रोलिमसला अमेरिकेत 1994 मध्ये पहिली परवानगी मिळाली तीच लिव्हर ट्रान्सप्लांटसाठी. सायक्लोस्पोरिन यायच्या आधी लिव्हर ट्रान्सप्लांटनंतर वर्षभर जगणारे शंभरात तीसेक असायचे, ते आल्यावर सत्तरच्या आसपास गेले. या गोळ्यांचे मोठे त्रास वेगळेच आहेत, किडनीवर ताण, शुगर, इन्फेक्शन, आणि फॉरवर्डमध्ये त्यातला एकही नाही.

आत्याच्या डॉक्टरांना लगेच फोन लावला. त्यांनी सांगितलं तशी त्याच संध्याकाळी गोळी सुरू केली, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गोळीच्या आधी रक्त दिलं. टॅक्रोची लेव्हल बरीच खाली आली होती, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कसं काम करतेय ते दाखवणारा आकडा, मात्र जागेवर आहे, पुढच्या आठवड्यात परत तपासायचंय. ज्या काकांनी मेसेज टाकला त्यांच्याशीही बोललो. त्यांनी आमच्या ग्रुपवरून तो काढला, पण त्याआधीच आणखी तीन ग्रुपवर पाठवला होता, त्यातला एक डायलिसिस आणि ट्रान्सप्लांटवाल्यांचा आहे. तिथे कुणी संध्याकाळची गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.