लसावि की क्ष? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नळ-टाकीच्या गणितावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंय, ‘काळ-काम-वेगाची गणितं लसावि काढून अर्ध्या मिनिटात होतात. तुम्ही क्ष मानून पानभर समीकरणं मांडता. अशानं स्पर्धा परीक्षेची पोरं मागे पडतील.’ राग नाही. अर्धं म्हणणं मला मान्यच आहे.

एक गवंडी भिंत 12 दिवसांत बांधतो, दुसरा 18 दिवसांत. चार दिवस दोघं मिळून बांधतात, मग पहिला गावी जातो. उरलेल्या कामाला दुसऱ्याला किती दिवस? इथे मीही लसाविच घेईन. काम 36 भागांचं, पहिल्याचे रोज 3, दुसऱ्याचे 2. चार दिवसांत 20 झाले, उरले 16, म्हणजे 8 दिवस. पण काम 36 धरा नाहीतर 1, बेरीज होते ती रोजच्या कामाची, दिवसांची नव्हे. हेच निसटतं. शिकवणीतल्या एका मुलाला मी विचारलं, दोघं शेवटपर्यंत राहिले तर किती दिवस? तो बेधडक म्हणाला, 15. सरळ सरासरी! ‘अरे, पहिला एकटा 12 दिवसांत उरकतो, मग मदतीला माणूस आल्यावर 15 कसे?’ तेव्हा कुठे जीभ चावली.

आणि रोजच्या कामाची बेरीज करायचं हे खूळ काही माझं नाही. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) चार झरे एक हौद अनुक्रमे 1, 1/2, 1/3 आणि 1/6 दिवसात भरतात. म्हणजे दिवसाला 1, 2, 3 आणि 6 हौद, मिळून 12. चारही एकदम सोडले तर दिवसाच्या बाराव्या भागात हौद भरला.

माझ्या लेखातलं गणित मात्र निराळं होतं. दोन नळ मिळून टाकी 6 तासांत भरतात, लहान नळाला एकट्याला मोठ्यापेक्षा 5 तास जास्त लागतात. आता लसावि काढणार कशाचा? पर्याय दिले असतील तर मोठ्या नळाला 10 तास ठेवून बघाल: 1/10 आणि 1/15 मिळून 1/6, जमलं. परीक्षेत खुशाल तसं करा. पर्यायच नसले, की मोठ्या नळाचे तास क्ष मानून 1/क्ष + 1/(क्ष+5) = 1/6 मांडावंच लागतं. त्यातून क्ष² − 7क्ष − 30 = 0, आणि क्ष = 10 किंवा −3.

माझी खरी चूक इथे होती, ती तुमच्या नजरेतून सुटली. ‘वेळ ऋण नसतो, −3 सोडून द्या’ एवढं लिहून मी पुढे गेलो. उत्तर म्हणून ते सोडायचंच, पण क्ष = −3 घेतलं तर क्ष + 5 होतात 2. एक नळ टाकी 2 तासांत भरतोय, दुसरा भरलेली टाकी 3 तासांत रिकामी करतोय. 1/2 − 1/3 किती? 1/6. दोन्ही चालू ठेवले तरी टाकी 6 तासांतच भरते!