जुना म्हणजे चांगलाच असं नाही

‘सिगार जितका जुना, तितका चवीला उत्तम’ हे तुमच्या सिगारवरच्या लेखातलं विधान अर्धवट आहे. मुरायला वर्षांइतकीच हवाही जमावी लागते: साधारण ६५ ते ७० टक्के आर्द्रता आणि १८ ते २१ अंश तापमान. आमच्या कोल्हापुरात आषाढ-श्रावणात भिंतींना ओल येते, तिथे नुसत्या लाकडी डब्याचा काय निभाव लागणार? मामांनी जपून ठेवलेल्या सिगारच्या वरच्या पानाला टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली होती. तंबाखूच्या भुंगेऱ्याचं काम! घट्ट झाकणाचा डबा आणि आर्द्रता राखणारी पाकिटं, हे लिहायलाच हवं होतं.

चवीबद्दल मात्र अगदी बरोबर लिहिलंत. नीट मुरलेल्या सिगारला अमोनियाचा झणका राहत नाही. निपाणीच्या वखारीत तंबाखूने ज्याचं नाक झोंबलंय, त्याला हा फरक पहिल्याच झुरक्यात कळतो. फक्त मिनिटाला एखादाच झुरका घ्यावा, घाई केली की सिगार तापून कडवट लागतो.