टूथपेस्ट दातांना लावा हो

सकाळी ऐकल्यापासून डोकं फिरलंय. काल फोंड्याकडच्या एका पाळणाघरात दीड वर्षाच्या पोरीच्या हातावर चहा सांडला. तिथल्या बाईंनी काय केलं? टूथपेस्ट चोपडली, वर फडकं बांधलं आणि आईला फोन लावला. आई पणजीला कामाला. बसने पोचायला तिला सव्वा तास लागला. सव्वा तास ती पेस्ट त्या एवढ्याशा हातावर!

अहो, चहा पुसला म्हणजे भाजणं थांबत नाही. उष्णता कातडीत मुरलेली असते, आत काम चालूच असतं. पेस्ट, हळद, तूप, कॉफी यांतलं काहीही ती बाहेर काढत नाही, उलट डॉक्टरला जखम दिसावी म्हणून ते सगळं आधी धुऊन काढावं लागतं. नळाखाली हात धरायचा, साधं वाहतं पाणी, 20 मिनिटं. घड्याळ बघून. दोन मिनिटांत पोर किंचाळून लाल होतं, आपला जीव कालवतो आणि नळ बंद होतो. तो बंद करायचा नाही. पंखा मात्र बंद करा आणि बाकीचं अंग टॉवेलात गुंडाळा, लहान मूल पटकन गारठतं. बर्फ नको, त्याने जखम आणखी खोल जाते.

पाणी सोडता सोडता मनगटातलं वाळं, काळे मणी काढून टाका. या पोरीचं वाळं कुणी काढलंच नाही. हात सुजला, वाळं रुतलं, शेवटी कापावं लागलं.

"नळाला पाणी असतं कुठे?" बरं, मान्य, मे महिन्यात नसतं. मग ड्रमातलं तांब्याने ओता, पण ओतत राहा. आणि ऐका, 3 तासांपर्यंत पाण्याचा उपयोग होतो. म्हणजे आई धापा टाकत पोचली तेव्हाही वेळ गेली नव्हती. तिला कुणी सांगितलंच नाही, याचं सगळ्यात वाईट वाटतं.

नंतर स्वयंपाकघरातली ती पारदर्शक प्लास्टिकची फिल्म जखमेवर नुसती ठेवायची, आवळून गुंडाळायची नाही. नसेल तर स्वच्छ मऊ फडकं. फोड फोडू नका. हात, तोंड, सांधा, जांघ भाजली असेल तर डाग केवढाही असो, 108 लावा. आईची वाट बघत बसू नका.

मुळात चहा तिथे आलाच कसा? बुटका टीपॉय, त्यावर लोंबणारा प्लास्टिकचा टेबलक्लॉथ, वर चार वाजताचा कप. उभं राहायला शिकलेलं पोर हाताला लागेल ते धरून उठतं. कप मधोमध ठेवला होता म्हणे! कापड ओढल्यावर कुठला मधोमध? केलेला चहा 15 मिनिटांनीही दीड वर्षाच्या कातडीला पोळवू शकतो. मुलांच्या खोलीत गरम काही न्यायचंच नाही, प्यायचं ते स्वयंपाकघरात.

आपण पालक तरी काय विचारतो? सीसीटीव्ही आहे का, एसी आहे का. सीसीटीव्हीत चहा कसा सांडला ते नंतर छान दिसतं. दाराच्या बिजागरीकडची फट बघितलीत कधी? बोटं तिथेच चिरडतात. न्हाणीघरातली बादली पालथी असते का? चार बोटं पाण्यातही मूल बुडतं. रिमोटच्या झाकणाला स्क्रू आहे का? बटणासारखा सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते, तिथे ओकारी काढत बसायचं नाही, थेट इस्पितळ.

मघाशी बाईंवर फार तोंड सोडलं. चौदा पोरांमागे त्या एकट्याच. त्यांच्या घरीही आजीपासून पेस्टच लावत आलेत. पोरीला पोटाशी धरून त्याही रडत होत्या म्हणे. पण रडायच्या आधी नळ सोडायचा असतो, हे त्यांना शिकवायला मालकाची एक दुपार गेली असती.

आज तिथे सुतार आलाय म्हणतात. स्वयंपाकघराला कमरेएवढं फाटक बसतंय, कडी आतल्या बाजूने.